सर्व्हरच्या नोंदी : माग ठेवणे आणि माग काढणे

जबलपूर शहराच्या पूर्वेस खमरिया नावाची वसाहत आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ च्या सुमारास, येथे दारूगोळा भरण्याचा सरकारी कारखाना उभा राहिला आणि त्याच्या आश्रयाने ही वसाहत वाढली. तोफांचे गाडे बनवणारा कारखाना १९०४ पासूनच जबलपुरात होता. १९५६ पर्यंत हे शहर नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात मोडत असे, आणि मराठी कुटुंबे तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. पुढे १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ विसर्जित झाले, तेव्हा खमरियाचा कारखाना म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे गेला. या कंपनीचे मुख्यालय पुण्यात आहे.

प्रस्तुत प्रकरणाचा विषय दारूगोळा हा नाही. संगणकाच्या सर्व्हरवर चालणाऱ्या आज्ञावलीचे दोष शोधण्यासाठी ज्या सूक्ष्म नोंदी ठेवल्या जातात, त्या कशा लावाव्यात आणि कशा वाचाव्यात, हे येथे पाहावयाचे आहे. परंतु अशा नोंदींची गरज मुळात का पडते, हे दारूगोळ्याच्या उदाहरणाने जितके स्पष्ट होते तितके अन्य कशानेही होत नाही. म्हणून आरंभ खमरियापासून केला आहे.

दारूगोळा लॉटने तयार होतो. एकाच जातीचे, एकाच प्रकारच्या सामग्रीतून, सलग भरलेले नग मिळून एक लॉट होतो आणि त्या लॉटचा क्रमांक नगावर व पेटीवर उमटवला जातो. कारखान्यातील कागदपत्रांत त्या क्रमांकासमोर पुढची माहिती असते: स्फोटक द्रव्य कोणत्या लॉटचे, फ्यूज कोणत्या लॉटचा, भरणी केव्हा झाली, तपासणीत काय आढळले. पुढे काही वर्षांनी शेकडो मैलांवरच्या एखाद्या चाचणी मैदानावर गोळा न फुटता पडला किंवा अवेळी फुटला, तर तपासणाऱ्याच्या हाती मुख्यतः तो क्रमांकच उरतो. त्यावरून तो उलट पावलांनी चालत भरणीच्या दिवसापर्यंत पोहोचतो, आणि त्याच लॉटचे उरलेले नग कोणत्या कोठारात आहेत ते शोधून त्यांचा वापर थांबवतो. हा दुसरा भाग पहिल्यापेक्षाही महत्त्वाचा आहे, कारण कित्येकांचे प्राण त्यावर अवलंबून असतात.

गोळा फुटला की त्याच्याबरोबर त्याच्याविषयीचा पुरावाही फुटतो. २२ ऑक्टोबर २०२४ रोजी खमरियाच्याच कारखान्यात झालेल्या स्फोटात कामगारांनी प्राण गमावले. अशा दुर्घटनेनंतर चौकशी करणाऱ्यांसमोर भग्नावशेष असतात, वाचलेल्यांच्या आठवणी असतात, आणि तिसरे म्हणजे घटनेपूर्वी, काहीही विपरीत घडेल अशी शंका नसताना, नित्यक्रमाने लिहून ठेवलेल्या नोंदी असतात. यांपैकी तिसरी गोष्ट घटनेनंतर निर्माण करता येत नाही.

सर्व्हरच्या बाबतीत परिणाम इतके भयंकर क्वचितच असतात, पण पुराव्याची स्थिती हीच असते. सर्व्हर म्हणजे इतर संगणकांच्या विनंत्या स्वीकारून त्यांना उत्तर देणारा संगणक. अधिक नेमके बोलायचे तर त्यावर रात्रंदिवस चालणारी आज्ञावली. रेल्वेचे आरक्षण, बँकेचा भरणा, विजेचे देयक, ग्रंथालयाची सूची, यांतील प्रत्येकामागे असे सर्व्हर असतात. त्यांच्यासमोर कोणी बसलेले नसते. एका सेकंदात शेकडो विनंत्या येतात व जातात. आज्ञावली कोलमडली की तिच्या स्मृतीत त्या क्षणी जे होते ते नाहीसे होते, आणि ती पुन्हा सुरू केली की पाटी कोरी होते. मग ती का कोलमडली, हे तिला विचारून उपयोग नाही. ती चालू असताना जे लिहीत गेली तेवढेच आपल्या हाती असते.

नोंदीचे प्रकार आणि पायऱ्या

सर्व्हर ज्या वहीत लिहितो तिला लॉग म्हणतात. हा शब्द जहाजावरून आला. जहाजाचा वेग मोजण्यासाठी दोरीला बांधलेला लाकडाचा तुकडा पाण्यात टाकीत, आणि ते मोजमाप ज्या वहीत लिहीत तिलाच पुढे ते नाव पडले. संगणकाच्या इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध नोंद ९ सप्टेंबर १९४७ ची आहे. अमेरिकेतील हार्वर्ड मार्क दोन या यंत्राच्या एका रिलेमध्ये पतंग जातीचा कीटक सापडला, तेव्हा तेथील कर्मचाऱ्यांनी तो चिकटपट्टीने वहीत चिकटवला. ही कथा लोक गमतीने सांगतात. नोंद म्हणूनही ती नमुनेदार आहे, याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही: तीत वेळ आहे, फलकाचे अक्षर आहे, रिलेचा क्रमांक आहे आणि प्रत्यक्ष पुरावा आहे. ‘यंत्र नीट चालत नाही’ एवढेच लिहिले असते तर ती वही आज कोणी जपून ठेवली नसती.

सर्व्हरच्या वह्या साधारणतः तीन प्रकारच्या असतात. पहिली येणाऱ्याजाणाऱ्यांची, कारखान्याच्या फाटकावरील वहीसारखी: कोण आले, केव्हा आले, काय मागितले, काय देऊन परत पाठवले. दुसरी चुकांची. तिसरीत आज्ञावली आपल्या प्रत्येक पावलाचे निवेदन करते: अमुक विभागात शिरले, अमुक किंमत मिळाली, अमुक ठिकाणी थांबले, तेथून बाहेर आले. या तिसऱ्या प्रकाराला ट्रेस म्हणतात. आपल्याकडे ‘माग’ हा शब्द त्यासाठी अगदी चपखल आहे, कारण धुळीतील पावलांवरून जनावर किंवा चोर शोधणाऱ्या माणसाची रीत आणि ट्रेस वाचणाऱ्याची रीत यांत फारसा भेद नाही.

सर्वच नोंदी सारख्या वजनाच्या नसतात. १९८० च्या दशकात अमेरिकेतील बर्कली येथे एरिक ऑलमन यांनी सेंडमेल या टपाल वाहणाऱ्या आज्ञावलीसाठी नोंदींची एक पद्धत बसवली. सिसलॉग या नावाने ती पुढे सर्वत्र पसरली, आणि २००९ मध्ये तिचे प्रमाण स्वरूप प्रसिद्ध झाले. या पद्धतीत गांभीर्याच्या आठ पायऱ्या आहेत. शून्य म्हणजे आणीबाणी, यंत्रणा वापरण्याजोगीच उरलेली नाही. एक म्हणजे तत्काळ कृती हवी, दोन म्हणजे गंभीर अवस्था, तीन म्हणजे चूक, चार म्हणजे सावधगिरीची सूचना, पाच म्हणजे नेहमीचीच परंतु लक्षात घेण्याजोगी गोष्ट, सहा म्हणजे निव्वळ माहिती, आणि सात म्हणजे डीबग, अर्थात दोषशोधनासाठी केलेली बारीकसारीक नोंद. आकडा जितका लहान तितके संकट मोठे, हे नवख्याला उलटे वाटते. परंतु सवयीने ते अंगवळणी पडते.

यांतील एक पायरी निवडून सर्व्हरला सांगायचे असते की, येथपर्यंतचे सर्व लिही, त्यापुढचे सोडून दे. नोंदींची मांडणी म्हणतात ती मुख्यतः एवढीच. संकेतस्थळे चालवणारा अपाची हा सुप्रसिद्ध सर्व्हर घेतला तर त्याच्या मांडणीच्या फाईलमध्ये ‘लॉगलेव्हल’ हा शब्द आणि त्यापुढे पायरीचे नाव, अशी एक ओळ असते. काहीच न सांगितल्यास तो सावधगिरीच्या पायरीवर राहतो. २०१२ मध्ये आलेल्या त्याच्या २.४ या आवृत्तीत डीबगच्याही खाली ट्रेस १ ते ट्रेस ८ अशा आणखी आठ पायऱ्या जोडल्या गेल्या, आणि त्याहून उपयुक्त अशी सोय झाली ती म्हणजे प्रत्येक घटकाला वेगळी पायरी देता येऊ लागली. पत्ते बदलून देणाऱ्या ‘रीराइट’ या घटकावर संशय असेल, तर संपूर्ण सर्व्हर सावधगिरीवरच ठेवून तेवढ्या एका घटकाला ट्रेस ३ वर नेता येते.

ही सोय नसताना लोक काय करीत? सर्व काही डीबगवर ठेवीत आणि नोंदींच्या पुरात बुडून जात. आजही पुष्कळजण तेच करतात. एक साधा हिशेब करून पाहा. समजा, एका सर्व्हरकडे सेकंदाला २०० विनंत्या येतात, डीबगच्या पायरीवर प्रत्येक विनंतीमागे ४० ओळी लिहिल्या जातात, आणि ओळ सरासरी १५० बाइटची आहे. सेकंदाला १२ लाख बाइट होतात. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे एका दिवसात १०३ गिगाबाइटांहून अधिक. एवढा मजकूर माणसाने वाचायचा नसतोच, परंतु तो साठवावा मात्र लागतो, आणि लिहिण्यात सर्व्हरचा वेळ जातो तो वेगळा. म्हणून जाणते लोक डीबग एका घटकापुरता, ठरावीक मुदतीपुरता लावतात, आणि तो केव्हा लावला व केव्हा काढला हेही लिहून ठेवतात. ही शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटेल. पण महिन्याभराने वही चाळणाऱ्याला एकाएकी दसपट झालेल्या ओळी दिसतात, तेव्हा त्या कोणा उपद्व्यापी माणसामुळे झाल्या की आपल्याच सहकाऱ्यामुळे, हे त्याला त्यावरूनच कळते.

एक माग वाचून पाहू

कल्पना करा की, एका मोठ्या सार्वजनिक ग्रंथालयाची सूची सर्व्हरवर आहे. वाचक घरून पुस्तकाचे नाव टाकतात व ते उपलब्ध आहे की नाही ते पाहतात. काही वाचकांची तक्रार अशी की, उत्तर यायला फार वेळ लागतो. काहींना मात्र ते क्षणात मिळते. चुकांच्या वहीत काहीच नाही. असणारही नाही, कारण उशीर ही सर्व्हरच्या दृष्टीने चूक नव्हे. काम अखेरीस पार पडलेलेच असते. अशा वेळी मागाच्या नोंदी चालू कराव्या लागतात. त्या चालू केल्यावर वहीत पुढील ओळी दिसतात.

११:०२:१४.३०७ विनंती ४४१८ : आली, शोध
११:०२:१४.३०९ विनंती ४४१८ : पाठवणाऱ्याचे नाव विचारले
११:०२:१४.३१५ विनंती ४४१९ : आली, शोध
११:०२:१४.३१६ विनंती ४४१९ : पाठवणाऱ्याचे नाव विचारले
११:०२:१४.३२२ विनंती ४४१९ : नाव मिळाले
११:०२:१४.३६८ विनंती ४४१९ : उत्तर पाठवले
११:०२:२४.३२० विनंती ४४१८ : नाव मिळाले नाही, पुढे चालू
११:०२:२४.३६४ विनंती ४४१८ : उत्तर पाठवले

प्रथम हे पाहावे की, दोन विनंत्यांच्या ओळी एकमेकींत मिसळल्या आहेत. सर्व्हर अनेक कामे एकाच वेळी करीत असल्यामुळे हे अटळ आहे. विनंतीला क्रमांक दिला नसता, तर कोणती ओळ कोणाची हे सांगता आले नसते. खमरियाच्या पेटीवरील लॉट क्रमांक जे काम करतो तेच येथे हा क्रमांक करतो. ग्रेप नावाच्या छोट्या आज्ञावलीला ‘४४१८’ एवढे सांगितले, की ती लाखो ओळींतून त्या एका विनंतीच्या चार ओळी वेगळ्या काढून देते, आणि गुंता सुटतो. वही लिहिली जात असतानाच तिची शेपटी सतत पाहायची असेल तर टेल ही दुसरी आज्ञावली आहे. तक्रारदाराला दूरध्वनीवर ‘आता पुन्हा शोधा’ असे सांगून समोर उमटणाऱ्या ओळी पाहणे हा दोषशोधनाचा जुना आणि अजूनही उत्तम मार्ग आहे.

दुसरी गोष्ट. अननुभवी वाचक ओळी वाचतो, अनुभवी वाचक ओळींमधील अंतर वाचतो. क्रमांक ४४१८ मध्ये दुसऱ्या व तिसऱ्या ओळींत दहा सेकंद गेले आहेत, आणि ते अंतर जवळजवळ नेमके दहा सेकंदांचे आहे. खरे काम कधी सात सेकंद घेते, कधी साडेअकरा. पाच, दहा, तीस, साठ असा पूर्ण आकडा दिसला, की बहुधा कोणीतरी वाट पाहत होते आणि वाट पाहण्याची मुदत संपली, असे समजावे. येथे तसेच आहे. संगणकाच्या आकडी पत्त्यावरून त्याचे नाव शोधून देणाऱ्या दुसऱ्या यंत्रणेला आपल्या सर्व्हरने प्रश्न विचारला. लिनक्स प्रणालीत अशा प्रश्नाला पाच सेकंद थांबावे आणि दोनदा प्रयत्न करावा, असा सर्वसाधारण नियम आहे. दोन पंचे दहा. ज्या वाचकांच्या पत्त्याचे नाव सापडते त्यांना उत्तर क्षणात मिळते. ज्यांचे सापडत नाही त्यांचे दहा सेकंद वाया जातात.

आता प्रश्न असा की, सूचीच्या सर्व्हरला वाचकाच्या संगणकाचे नाव हवे कशाला? उत्तर मौजेचे आहे. ते हवे होते केवळ नोंदवहीत लिहिण्यासाठी! येणाऱ्याजाणाऱ्यांच्या वहीत आकड्यांऐवजी नाव दिसले तर बरे, असे मांडणी करणाऱ्याला वाटले होते, आणि ही आज्ञावली विनंती येताच ते नाव विचारीत होती. हे ग्रंथालय काल्पनिक असले तरी दोष काल्पनिक नाही. अपाचीच्या आरंभीच्या आवृत्त्यांत नाव शोधणे आपोआप चालू असे आणि प्रत्येक विनंतीला त्यामुळे विलंब लागे. १९९८ च्या १.३ या आवृत्तीपासून ते आपोआप बंद ठेवण्यात आले. आकडी पत्ता लिहून ठेवावा आणि नावे नंतर सवडीने शोधावीत, हा त्यावरचा उपाय आहे.

नोंद ठेवणे ही निरुपद्रवी क्रिया नाही, हे यावरून दिसतेच, आणि याचा आणखी एक त्रासदायक प्रकार आहे. दोन कामे क्षणाच्या फरकाने एकमेकांवर आदळल्यामुळे होणारा दोष असेल, तर मागाच्या नोंदी चालू करताच तो नाहीसा होतो. लिहिण्यात गेलेल्या वेळामुळे दोन्ही कामांचा ताल बदलतो आणि टक्कर टळते. नोंदी बंद केल्या की दोष पुन्हा हजर. टँडेम कंपनीतील संगणकतज्ज्ञ जिम ग्रे यांनी १९८५ मध्ये अशा दोषांसाठी ‘हायझेनबग’ हे नाव वापरले. पदार्थविज्ञानातील हायझेनबर्ग यांच्या अनिश्चिततेच्या तत्त्वावरून ते घेतले आहे.

याच्या जोडीला शेवटच्या ओळीचा प्रश्न. प्रत्येक ओळ तबकडीवर लगेच लिहिणे महाग पडते, म्हणून सर्व्हर बऱ्याच ओळी स्मृतीत साठवतो आणि मग एकदम लिहून काढतो. नित्याच्या कामात हे योग्यच आहे. परंतु आज्ञावली कोलमडली तर त्या साठवलेल्या ओळी तिच्याबरोबरच जातात, आणि कोलमडण्याचे कारण नेमके त्यांतच असते. वहीतील शेवटची दिसणारी ओळ ही घडलेली शेवटची घटना आहे असे मानून कित्येक शोध भलत्या दिशेने गेले आहेत. यासाठी चुकीच्या पायरीची व तिच्या वरची नोंद तत्काळ लिहिली जावी, बाकीची साठवून लिहिली तरी चालेल, अशी मांडणी करणे शहाणपणाचे ठरते.

घड्याळे आणि अनेक वह्या

वरील ग्रंथालयात एकच सर्व्हर होता. प्रत्यक्षात एका विनंतीचे काम पाच-दहा सर्व्हरांतून फिरत जाते, आणि प्रत्येकाची वही वेगळी, घड्याळ वेगळे. दुसऱ्या सर्व्हरचे घड्याळ सात सेकंद मागे असेल तर वह्या शेजारी ठेवल्यावर प्रश्न विचारण्यापूर्वीच उत्तर आल्याचे दिसते. घड्याळांचा हा घोळ संगणकाबरोबर आलेला नाही. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ पूर्व रेखांशावरची आहे. जबलपूर सुमारे ८० अंशांवर असल्याने तेथील स्थानिक सौरवेळ प्रमाणवेळेच्या सुमारे दहा मिनिटे मागे असते. प्रमाणवेळ नसताना प्रत्येक गावाचे घड्याळ आपापल्या सूर्यावर चाले, आणि आगगाड्यांचे वेळापत्रक करणाऱ्यांना काय यातायात पडली असेल याची कल्पना यावरून येते. सर्व्हरांच्या जगात हाच प्रश्न मिलिसेकंदांच्या पातळीवर येतो. त्यावर उपाय म्हणजे सर्व यंत्रांनी एकाच विश्वसनीय घड्याळाशी आपली वेळ वारंवार जुळवून घेणे. संगणकीय सुरक्षेचे काम पाहणाऱ्या सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाने राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या घड्याळाशी वेळ जुळवणे आवश्यक केले. याच आदेशाने नोंदी १८० दिवस जपून ठेवण्याचेही बंधन घातले.

वह्या शेजारी ठेवून वाचण्याचे महत्त्व पुण्यातील एका घटनेने महाराष्ट्राला चांगलेच कळले. १९०६ मध्ये स्थापन झालेल्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये संगणकीय हल्ला झाला. शनिवार, ११ ऑगस्टला काही तासांत २८ देशांतील यंत्रांतून सुमारे १२ हजार व्यवहारांद्वारे ७८ कोटी रुपये काढले गेले, आणि देशातही अडीच कोटी. सोमवारी, १३ ऑगस्टला आंतरराष्ट्रीय निरोपयंत्रणेद्वारे आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगला गेले. एकूण रक्कम ९४ कोटींवर गेली. हे घडले कसे, ते आपल्या विषयाच्या दृष्टीने उद्‌बोधक आहे. कोणी यंत्रात कार्ड घातले की ती विनंती बँकेच्या स्विचिंग सर्व्हरकडे येते. तो खात्यांच्या मुख्य यंत्रणेला विचारतो, आणि तिने होकार दिल्यावर पैसे मिळतात. हल्लेखोरांनी मध्ये एक खोटा स्विच बसवला. तो मुख्य यंत्रणेला काही न विचारता परस्पर होकार देई. परिणामी कार्डांच्या जाळ्याच्या वहीत हजारो मंजूर व्यवहार, आणि खात्यांच्या वहीत त्यांचा मागमूस नाही. कोणतीही एक वही स्वतंत्रपणे वाचली तर तीत खटकण्याजोगे फारसे नव्हते. गुन्हा होता तो दोन वह्यांच्या मधल्या जागेत.

यावरून दोन नियम निघतात. एक, विनंतीचा क्रमांक पहिल्या सर्व्हरने द्यावा आणि पुढच्या प्रत्येकाने तोच लिहावा, म्हणजे वह्यांचा ताळा घेता येतो. गूगल कंपनीने आपल्या डॅपर या पद्धतीचे वर्णन २०१० मध्ये प्रसिद्ध केले, तिचे मर्म हेच आहे. व्याप इतका प्रचंड की सर्व विनंत्यांचा माग ठेवणे अशक्य, म्हणून आरंभी १,०२४ विनंत्यांमागे सरासरी एकीचा माग ठेवण्यात आला, आणि तेवढ्याने काम भागले. दोन, नोंदी ज्या यंत्राच्या आहेत त्याच यंत्रावर एकट्या राहू देऊ नयेत. त्या लिहिल्या जाताच दुसऱ्या यंत्रावर पाठवाव्यात, आणि त्या यंत्रावर लिहिण्याचा अधिकार असावा, पुसण्याचा नसावा. घरात शिरलेला चोर घरातील वही फाडू शकतो. शेजाऱ्याकडे ठेवलेली नाही.

जे लिहू नये ते

आतापर्यंत नोंद न राहिल्याने होणारी हानी पाहिली. जास्त नोंद राहिल्यानेही हानी होते, आणि ती अधिक गुपचूप होते. डीबगची ओळ आज्ञावली लिहिणाऱ्याने स्वतःच्या सोयीसाठी टाकलेली असते: ‘आलेला मजकूर असा आहे’ असे म्हणून तो सगळा मजकूर वहीत ओततो. त्या मजकुरात परवलीचा शब्द असतो, कार्डाचा क्रमांक असतो, रुग्णाचा आजार असतो. मे २०१८ मध्ये ट्विटरने (आताचे एक्स) आपल्या ३३ कोटी वापरकर्त्यांना परवलीचा शब्द बदलण्यास सांगितले. ते शब्द सांकेतिक रूपात जपण्याची व्यवस्था उत्तम होती, परंतु त्या रूपात जाण्यापूर्वीच ते एका अंतर्गत नोंदवहीत जसेच्या तसे लिहिले जात होते. तिजोरी भक्कम, आणि किल्लीचा ठसा बाहेरच्या भिंतीवर! मुख्य माहितीला जितके कुलूपबंद ठेवतात तितके नोंदवहीला कोणी ठेवत नाही. दुरुस्तीसाठी ती सहकाऱ्यांत फिरते, बाहेरच्या तज्ज्ञालाही पाठवली जाते. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडेही हा केवळ नीटनेटकेपणाचा प्रश्न उरलेला नाही. नाव, क्रमांक, परवलीचा शब्द हे वहीत जाण्यापूर्वीच झाकले जातील अशी मांडणी आधी करावी, आणि मगच डीबगची पायरी वाढवावी.

डिसेंबर २०२१ मध्ये याहूनही विलक्षण प्रकार उघडकीस आला. जावा भाषेतील असंख्य सर्व्हर नोंदी लिहिण्यासाठी लॉगफोरजे हे साहाय्यक साधन वापरतात. नोंदीत विशिष्ट चिन्हांनी वेढलेला मजकूर आला, तर त्याचा अर्थ लावून त्या जागी दुसरी माहिती भरण्याची सोय त्यात होती. कोणाही परक्याने आपल्या नावाच्या जागी तसा मजकूर टाकला, की सर्व्हर तो निमूटपणे नोंदवायला जाई आणि नोंदवता नोंदवता परक्या ठिकाणाहून आज्ञावली आणून चालवू लागे. या दोषाला धोक्याच्या मापनात दहापैकी दहा गुण मिळाले. जगभरच्या व्यवस्थापकांनी तो महिना रात्री जागून काढला. बाहेरून आलेला मजकूर हा फक्त मजकूर आहे, आज्ञा नव्हे, एवढे नोंदवहीने कटाक्षाने पाळावे लागते.

राहिला प्रश्न जागेचा. वही वाढत जाते, तबकडी भरते, आणि मग सर्व्हर बंद पडतो तो मूळ दोषामुळे नव्हे, नोंदींमुळे. यावर वह्या पालटण्याची पद्धत आहे. रोज मध्यरात्री, किंवा ठरावीक आकार होताच, चालू वही बाजूला ठेवून तिचे संक्षेपण करायचे, नवी उघडायची, आणि मुदत संपलेल्या जुन्या वह्या काढून टाकायच्या. लिनक्सवर लॉगरोटेट ही आज्ञावली हे काम करते. मुदत ठरवताना कायद्याचे १८० दिवस ही किमान मर्यादा धरावी. डीबगच्या अवजड वह्या मात्र शक्यतो वेगळ्या तबकडीवर लिहाव्यात, म्हणजे ती भरली तरी सर्व्हरचे काम अडणार नाही. आणि दोष सापडला, दुरुस्त झाला, तक्रारदाराने पुन्हा शोधून खात्री दिली, की मांडणीच्या फाईलमधील ती ओळ मूळच्या पायरीवर परत आणून सर्व्हरला ती नव्याने वाचायला लावावी. पुष्कळ ठिकाणी हे शेवटचे काम राहून जाते, आणि पुढच्या महिन्यात तबकडी भरल्याची तक्रार येते.